तुटक्या दाताची शीळ

१२ एप्रिल
पेट्या गप्प आहेत! सफरचंद फुललंय, ऊन स्वच्छ, आणि बेचाळीस पेट्यांतून एक मधमाशी बाहेर नाही. कान लावला — आत दबकी घरघर. वेडे राघू माश्या टिपायला आले की होते तशी. पण मे उजाडल्याशिवाय राघू आमच्या खोऱ्यात येत नाहीत. तारेवर पाहिलं. कोणी नाही.

१३ एप्रिल
आजही तेच. हा बहर हुकला तर वर्षभर मी खाऊ काय? या माश्यांखेरीज माझ्याजवळ आहे काय?
दुपारी पेट्यांमधून आवाज आला. प्रुर्र, प्रुर्र — आणि शेवटी फुस्स.
हातातला चहा सांडला. पुढचा दात तुटल्यापासून नवऱ्याची, साबिरकुलची शीळ शेवटी अशीच फुस्स व्हायची. त्याला जाऊन सहा महिने झाले.

१४ एप्रिल
शीळ सकाळपासून चालू. कोणाला सांगणार? मला भीती वाटते.
बागांवर औषध मारायच्या दिवशी तो पेट्यांमध्ये उभा राहून राघूची शीळ घालायचा. माश्या घाबरून घरात. गाव हसायचं, त्यालाच वेडा राघू म्हणायचं. बायको असून मीही म्हणायचे. "हसा," म्हणायचा. "माशीला कारण सांगत बसलो तर ती मरेल. घाबरवली की जगते."

१५ एप्रिल
शेजारीण उमुतकानच्या अंगणात मेलेल्या माश्यांचा सडा. पलीकडच्या बागवाल्याने कोणाला न सांगता तीन दिवस फवारणी केली. बिचारी केरसुणीने गोळा करत होती.
"तुझ्या कशा गं वाचल्या?"
"बाहेरच पडल्या नाहीत."
"नवरा होता तेव्हाही तुझं असंच. मंतरतेस की काय गं त्यांना?"
एरवी हसलो असतो दोघी.
संध्याकाळी त्याच्या नावाने पिठाचे बोरसोक तळले. तळणीचा वास गेलेल्यांना पोचतो. आभार मानायचे होते, पण दाराकडे पाठ करायची हिंमत सगळा वेळ झाली नाही.

१६ एप्रिल
माश्या बाहेर. शीळ नाही. बरं वाटलं. मग वाईट वाटलं.

२७ एप्रिल
धाकटा दीर एशेन आला. "वहिनी, परवा खिंडीपलीकडे जाऊन पेट्यांची जागा बघून येऊ. दादाची जागा दुसऱ्याने बळकावली तर बसाल रडत."
म्हटलं, पावसाने रस्ता खचलाय म्हणतात.
"म्हणणाऱ्यांनी कधी ट्रक चालवलाय का? मी आहे ना!"
त्याचंही खरं आहे. जूनमध्ये इथली फुलं संपतात, पेट्या वर न्याव्याच लागतील. जाते म्हटलं. त्याच्या लहान मुलीसाठी मधाची बरणी काढून ठेवलीय.

२९ एप्रिल
पहाटेपासून शीळ. पण माश्या मजेत उडताहेत, एकही घाबरलेली नाही. शीळ पेट्यांपाशी नाहीच — माझ्या उंबऱ्यावर आहे.
पायात चढवलेले बूट उतरवून ठेवले. बाहेर एशेनने हॉर्न वाजवला. "वहिनी, चला!"
नको जाऊस, असं ओरडायला दारात गेले. तोंड उघडलं, आणि शीळ निघाली. मला शीळ येत नाही. जन्मात कधी घातली नाही. शेवटी फुस्स झाली.
एशेनने इंजिन बंद केलं.