काचेवरचा अँटेना

प्रिय भाऊराया,

'प्रिय' हा शब्द पत्राच्या वर लिहायचाच असतो म्हणून लिहिलाय, हुरळून जाऊ नकोस. तुझा फोन बंद, म्हणून हे तुझ्या घरमालकिणीच्या पत्त्यावर टाकतेय. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाच आणि मग फाड.

आपल्या गल्लीतला केबलवाला गाशा गुंडाळून गेला, तेव्हा आईने तुला कळवलं की आता संध्याकाळी बातम्यांत हवामान सांगताना तू दिसत नाहीस. त्यावर दुसरा कुठलाही मुलगा काय करेल? घरी येईल. तू अँटेना पाठवलास! वहीएवढा काळा पत्रा, त्याला एक वायर आणि सोबत तुझी चिठ्ठी, की खिडकीच्या काचेवर उंच चिकटव, टॉवरकडे तोंड कर, सोप्पं आहे. वा रे शहाण्या! तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं?

सोप्पं म्हणे. आधी तो टॉवर नेमका कुठे आहे हे बघायला मी गच्चीत जाऊन उन्हात तळले. तो निघाला स्वयंपाकघराच्या बाजूला. तिथल्या खिडकीला लोखंडी जाळी, त्यातून सिग्नलच आत येईना. फ्रिजवर ठेवला तर फ्रिज घरघरला की चित्र गोठायचं. कपाटावर ठेवला तर आवाज यायचा, पण तुझ्या तोंडाचे चौकोन चौकोन व्हायचे. तेही बरंच होतं म्हणा, पण आई ऐकतेय थोडीच! दरवेळी जागा बदलली की टीव्हीला पुन्हा पहिल्यापासून चॅनेल शोधायला लावायचं आणि आईने खुर्चीतून सूचना द्यायच्या. अजून वर घे, अगं डावीकडे, आता हलू नकोस. अक्षरशः नाकी नऊ आले माझ्या.

शेवटी तू दिसलास तो माझ्याच खिडकीतून. घरात बिनजाळीची तेवढी एकच खिडकी, म्हणून उजेडासाठी तिथे माझं शिलाईचं मशीन. आणि मशीनची मोटर सुरू झाली की तुझे पुन्हा चौकोन. म्हणजे हवामान सांगायला साहेब पडद्यावर अवतरणार, तेवढा वेळ मी पाय पॅडलवरून काढून हाताची घडी घालून बसायचं. गिऱ्हाईक दारात तिष्ठत असलं तरी आई त्याला खुणेने गप्प करायची. तुझं कौतुक आणि माझ्या कामाचा खोळंबा, हे या घरात तू रांगत होतास तेव्हापासून चाललंय.

आणि तिचं काय काय चालायचं ते तुला सांगायलाच हवं. तू यायच्या आधी ती केस विंचरून घ्यायची. का, तर म्हणे तो किती नीट बघतो आपल्याकडे. तू म्हणालास, उद्या बाहेर पडताना छत्री विसरू नका, की ती टीव्हीला सांगायची, नाही विसरत रे राजा. बाहेर कुठे पडतेय ती? गुडघ्यांमुळे जिना उतरणं बंद झालंय तिचं. तरी छत्री दाराच्या कडीला टांगून ठेवायला लावायची मला. मी चिडायचे. बाबा गेले तेव्हा आलास आणि एक रात्र काढून पळालास, तो तू साऱ्या जगाला पावसात भिजू नका म्हणून सांगतोस, हे ऐकून माझं डोकं फिरायचं. पण बघायचे मीही. खोटं कशाला बोलू? नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी मी शिवून दिलेला करडा कोट तू घातलास की मी फक्त डावा खांदा बघायचे. ओढतोय तो. तू अंगाने भरलास आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस.

मग एके संध्याकाळी चित्र लख्ख होतं आणि तुझ्या जागी कुणी भलताच उभा होता. आईला डोळ्यांनी अंधुक दिसतं, पण माणूस बदललेला कळू नये इतकंही नाही. मला काय सुचलं कोण जाणे, मी मशीनवर पाय दिला. त्या माणसाचे चौकोन झाले, आवाज तुटला. आई म्हणाली, बिघडला वाटतं तुझा अँटेना. मी म्हटलं, हो, वाराच तसा आहे. दुसऱ्या दिवशी तुमच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या पोरीने गोड आवाजात सांगितलं की तू आता तिथे कामाला नाहीस. एवढंच. कुठे गेलास, कसा आहेस, जेवतोस की नाही, काही नाही. सख्ख्या बहिणीला हे परक्या पोरीकडून कळावं! लाज वाटत नाही तुला?

तेव्हापासून रोज हेच. जे चित्र आणायला मी जिवाचं रान केलं, तेच आता मी स्वतःच्या पायाने घालवते. हवामानाची वेळ झाली की चिंधीवर चिंधी शिवत सुटते. आई विचारते, आज तरी दिसेल का गं? मी अँटेना तिरपा करते, सरळ करते, आणि तोंडाने तुला शिव्या देते. शिव्या खऱ्या असतात, बाकी सगळं नाटक.

काल तिने केस विंचरले नाहीत. मी मशीनवर बसले तेव्हा म्हणाली, थांबव गं ते, दोरा फुकट जातोय. तो नाहीये त्यात. चौकोनांतून का होईना, पोटच्या पोराचा आवाज नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तू इतका खटाटोप करत होतीस, म्हणून गप्प राहिले. मग म्हणाली, नोकरी गेली म्हणून घरी तोंड दाखवायची लाज वाटत असेल त्याला. लिही, की मला हवामान नकोय. मी लिहिलं. माझा राग गेलेला नाही आणि तू आल्यावर मी तुला चांगली फैलावर घेणार आहे. अँटेना काचेवरून काढलाय. आईने खुर्ची टीव्हीकडून फिरवून खिडकीकडे करून घेतलीय, आणि आज सकाळपासून तिचे केस विंचरलेले आहेत. ये. येताना तो कोट आण, खांदा उसवून सैल करून देते.

तुझीच, अजून भांडायची बाकी असलेली,
ताई