मशीनची खोळ

५ जानेवारी
हवा मोजायचं सरकारी मशीन आमच्या गच्चीवर बसलं. शाळेत विज्ञान मी शिकवते, म्हणून जबाबदारी माझी. रोज संध्याकाळी आतला पांढरा कागद बदलायचा, शनिवारी पाकीट नगरपालिकेत (न.पा.) द्यायचं. समोरच राईस मिल. पहिलाच कागद तव्याच्या बुडासारखा काळा. हे शिवता शिवता म्हणाले, "आता तरी मिलवाले चिमणीले जाळी लावतीन?" आणि खोकले.

१९ जाने.
कागद पांढुरका येतो आहे. पंप ठीक, नळी साफ. मिल बंद म्हणावी तर सकाळीच अंगणातून राख झाडली. काही कळेना.

२ फेब्रु.
न.पा.चे साहेब शाळेत. "मॅडम, आपका वॉर्ड तो सुधर गया!" शहराच्या प्रगती अहवालात आमचा वॉर्ड पुढे. मिलने रात्रीच्या दुसऱ्या पाळीची परवानगी मागितली आहे. या आकड्यांवर मिळेलही. मुख्याध्यापिका बाईंनी पेढा दिला. खाल्ला. गोड लागला नाही.

६ फेब्रु.
डोकं दुखत होतं, दुपारीच घरी. गच्चीवर मशीनला खोळ! निळी, काठाला झालर, नाडीसुद्धा. आमच्याकडे टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, हिवाळ्यात कूलरला. सरकार तरी यांच्या हातून कसं सुटणार.
"हे काहून झाकलं जी?"
"दिवसभर राख उडते ना वो. सरकारी वस्तू, खराब झाली त तुलेच बोलतीन. तू यायच्या आधी काढतो मी."
आधी हसू आलं. मग रडू. इतके दिवस मी झाकलेली हवा मोजली.

७ फेब्रु.
साहेबांना खरं सांगितलं. "रिपोर्ट भोपाल चली गई, मॅडम. अब कौन छेड़े?" लेखी अर्ज दिला. ठेवून घेतला, पोच नाही. यांनी आज शिलाईला हात लावला नाही. "माह्याच्यानं दुसरी पाळी लागन का वो?"
 

१० फेब्रु.
खोळ धुऊन, घडी घालून पेटीत. संध्याकाळी सात वाजता कागद काढला, पहिल्यासारखाच काळा. यांनी उजेडात धरला.
"एवढं रोज आत जाते?"
"हौ."
पाकिटात घालायला मागितला तर देईनात. "थांब जरा."
तेवढ्यात मिलचा भोंगा झाला. पाळी लागल्याचा सकाळचा आणि सुटल्याचा पाचचा सोडून तिसरा भोंगा कधी नसतो.