शेवटी उठणारी

ता. ३ जून
चि. ढब्बूस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. रागावू नकोस, आशीर्वादाने वजन वाढत नाही.

हात खालच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचा, जीभ माझी. अक्षर छान आहे असं तोच सांगतो. मला वाचता येत नाही, म्हणून फावतंय त्याचं.

तुझ्या पोटाचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. जठर कापून केळ्याएवढं ठेवलंय, असं तुझी आई सांगत होती. बरं झालं, वजन उतरून गुडघे तरी सुटले. पण मग येत का नाहीस? दोन सुट्ट्या कोरड्या गेल्या. म्हातारी खाऊ घालून मारील, अशी धास्ती ना? खोटी नाही. मला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी माया ताटात वाढत आले. तरी ये. डोळे दाराला लागलेत.
तुझी आजी

ता. १४ जून
ती. आजीस,
सा. न. वि. वि.
धास्ती तुझी नाही गं, लाज माझीच वाटते. अर्धी वाटी मऊ भाजी खायला मला अर्धा तास लागतो. घासाचं पीठ होईस्तोवर चावायचं, चमचा खाली ठेवायचा, मध्ये पाणी नाही. घाई केली की घास छातीत अडतो आणि सगळं बाहेर.

कारखान्यात वीस मिनिटांत भोंगा होतो. कापड कापणाऱ्या आम्ही बाराजणी. अकरा डबे आपटून उठतात आणि मी चघळत बसते. मुकादम दहा मिनिटं जास्त देतात, पण ती दहा मिनिटं फार लांब असतात. भूक लागत नाही, आजी. तुझ्या हातच्या पहिल्या मोठ्या घासाची मात्र आठवण येते. तुझ्याकडे आले आणि तूही उठून गेलीस, तर ते सोसणार नाही.
थोडी उरलेली, पण तुझीच,
ढब्बू

ता. २१ जून
चि. ढब्बूस,
उ. आ.
अगं वेडे, माझे दात पडून अकरा वर्षं झाली. कवळी टोचते, म्हणून ती डब्यात झोपते. माझं जेवण पाऊण तासाचं. तुम्ही सगळे भराभर उरकून उठायचात, त्यात पहिली तू! तुझे आजोबा मात्र हात वाळला तरी समोर बसून राहायचे. ते गेल्यापासून मी रिकाम्या ताटांशी बोलते. कुणाला सांगितलं नाही. या वयात जेवायला सोबत काय मागायची?

कंपाउंडर थांबलाय. नाक पुसतोय. सर्दी म्हणे.

तुझं पत्र आल्यापासून चार दिवस तुझ्या रीतीने जेवून पाहिलं. जमतं बाई, पाणी तेवढं चोरून पिते. मोठं ताट माळ्यावर टाकलंय. दोन लहान वाट्या, दोन चमचे घासून ठेवलेत. आग्रह केलाच, तर माझ्या हातावर चापट मार.

आपल्या घरी भोंगा नाही. तुझं होईपर्यंत मी उठायची नाही, आणि माझं होईपर्यंत तू उठायचं नाहीस. लोभ मात्र वाढू दे, त्याला पथ्य नाही.
आजी (अंगठा माझा, शाईचा डाग कंपाउंडरचा)