उन्हातल्या रांगेवर सावली

४ जानेवारी, रविवार
पौषातला आदित्यवार. आजपासून मानसीकडून सूर्याचे व्रत सुरू करून घेतले. चार महिने झाले, सुनेच्या गालांवर लाल चट्टे. नाकावरून ह्या गालापासून त्या गालापर्यंत, पाखराने पंख पसरावे तसे. बोटांचे सांधे धरतात, सकाळी कपबशी उचलवत नाही. मलमाच्या दोन ट्यूबा संपल्या, चट्टे तसेच. माझी आई म्हणायची, कातडीचे दुखणे सूर्यनारायणाकडेच मागावे. खळ्यात, दारापुढच्या अंगणात, पूर्वेला तोंड करून बसवली. तांब्याच्या गडूने अर्घ्य, आदित्याची कहाणी, मग अळणी जेवण. नऊ वाजेपर्यंत बसली. एक शब्द बोलली नाही. गुणाची पोर.
हे झोपाळ्यावरून म्हणाले, "तिका इचारलंस काय?"
देवाच्या कामात विचारायचे काय त्यात.

११ जाने., रवि
दुसरा रविवार. चट्टे जास्त लाल वाटतात. शेवंता कुंपणावरून बघत होती. शेजारीण म्हणून तिला सगळ्याची खबर हवी. "गो वयनी, चेडू करपला मगो!" मी म्हटले, पोर करपत नाही, गुण यायच्या आधी दुखणे उसळतेच. आज दहापर्यंत बसवली.

१८ जाने., रवि
तिसरा. मानसीला कणकण. लेक प्रसाद तारकर्लीला लॉजवर कामाला लवकर गेला, शनि-रवि पाहुण्यांची गर्दी. जाताना माझ्याशी बोलला नाही. सोलकढी जास्त झाली, शेवंताकडे दिली.

२५ जाने., रवि
रथसप्तमी, आणि तीही आदित्यवारी. असा योग सोडायचा कसा? खळे सारवले, तांदळाच्या पिठाचा रथ काढला. गोवऱ्यांवर मातीच्या बोळक्यात दूध ठेवले. दूध उतू जाईपर्यंत उठायचे नाही. गोवऱ्या ओलसर, दूध काही उतू जाईना. साडेअकरा झाले. मानसी म्हणाली, "आई, माका कसातरीच…" आणि तिथेच, रथावर, आडवी.
दूध नंतर उतू गेले. कोणी बघितले नाही.

२८ जाने., बुध
सकाळच्या एसटीने ओरोसच्या इस्पितळात. मी, मानसी, प्रसाद. रक्त घेतले, लघवी तपासली. डॉक्टरीणबाई तरुण, हसरी. चट्टे बघितल्याबरोबर विचारले, "उन्हात गेल्यावर वाढतात का?"
मानसीने माझ्याकडे बघितले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

३१ जाने., शनि
रिपोर्ट आले. ल्युपस. नाव दोनदा लिहून घेतले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आपल्याच अंगातले पहारेकरी आपल्यालाच चोर समजतात. सांधे, कातडी, कधी मूत्रपिंड. तिचे मूत्रपिंड अजून बरे आहे, पण दर महिन्याला तपासायचे. गोळी एक दिवस चुकवायची नाही. हे दुखणे लागट नाही, ताटाने-पाण्याने-स्पर्शाने कोणाला जात नाही. जन्मभर सांभाळायचे, पण सांभाळता येते. आणि ऊन वर्ज्य. पूर्ण बाह्या, छत्री, तोंडाला मलम.
मी विचारले, "आणि सकाळचे कोवळे?"
"कोवळे पण नको, काकी. सूर्याला तिचा नमस्कार तुम्ही सांगा."
हसून म्हणाल्या. मला हसू आले नाही. चार रविवार. आणि चौथ्याला साडेअकरा.
बाकावर शेजारी कुडाळच्या पलीकडचा एक शेतकरी आणि त्याची कॉलेजातली मुलगी. तिलाही तेच. ओढणी डोळ्यांपर्यंत ओढलेली. बाप म्हणाला, "गावात लोकांका वाटता, शिवला तर लागात. हळदीकुंकवाक कोण बोलवणा नाय." मी पिशवीतली भाकरी काढून तिच्या हातात दिली आणि तिच्या हातातलाच अर्धा तुकडा परत मागून खाल्ला. पोरगी ओढणीतून हसली. तिचा नंबर मानसीने घेतला.

२ फेब्रुवारी, सोम
कसालहून मानसीचे बाबा आले. भांडण नाही, आवाज चढवणे नाही. चहा घेतला, कप उपडा ठेवला. म्हणाले, "थोडे दिस आमच्याकडे रवांदे. आमच्याकडे सावली आसा." बस, एवढेच. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.
मानसीने बॅग भरली. मोठी.

३ फेब्रु., मंगळ
प्रसादला विचारले, परत कधी? "तिका इचार." बाप-लेकांना एकच वाक्य येते.

५ फेब्रु., गुरु
देवासमोर बसले, पण मन देवाकडे नाही. जत्रा सोळा दिवसांवर, २१ तारखेला. लग्न झाल्यापासून दरवर्षी मानसी देवीची ओटी भरते. ओटीची रांग देवळाच्या पायऱ्यांपासून मळ्यात, भर उन्हात. दोन-दोन तास. सावलीला एक काजूचे झाड, त्याखाली चप्पला.
एकच मागणे आहे, जत्रेला तिने यावे. पण कुठल्या तोंडाने बोलवू? तर आधी सावली करायची. मग बोलवायचे.

७ फेब्रु., शनि
ह्यांना घेऊन तात्यांकडे गेले. ते देवळाचे मानकरी, त्यांच्या होकाराशिवाय मळ्यात खुंटा मारता येत नाही. विड्याचे पान लावत होते.
"उन्हात उभ्यान रवणां हीच तर सेवा, वयनी. आमच्या आजयेपासून चलत इला."
म्हटले, "तात्यानू, देवी गाभाऱ्यात बसली आसा. डोक्यार छप्पर आसा. तिका ऊन आवडला असता तर ती मळ्यात नसती बसली?"
तात्यांनी पानाला चुना दोनदा लावला. हे दाराशी खोकले, म्हणजे हसत होते. शेवटी तात्या म्हणाले, "घाला मांडव. पण काय्येक इकत आणूचा नाय. एका घरान एक झाप."
आणि काय हवे? माडाची चुडते, नारळाच्या झावळ्या, प्रत्येकाच्या परसात पडलेली असतात. त्यांचे झाप विणायला हात हवेत.

८ फेब्रु., रवि
बचत गटाची मीटिंग. हप्ते झाल्यावर उभी राहिले. झापांचे सांगितले, ऊन न सोसणाऱ्यांसाठी म्हणून. एक म्हणाली, "ता दुखणा लागता म्हणतत, खरा काय?" दुसरी म्हणाली, "देवाचा काय तरी चुकला असतला त्या घरात."
मग बोललेच. म्हटले, "चुकले ते देवाचे नाही, माझे. सुनेला ऊन बाधते हे ठाऊक नव्हते, आणि मी तिला चार आदित्यवार उन्हात बसवली. मानसीला. माझ्या हाताने."
सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.
शेवंता म्हणाली, "माका वाटलां, तू कधी चुकणसच नाय. आज खरो आनंद झालो."
ती हसली तशी सगळी खोली हसली. मीपण. मग एक म्हणाली, माझ्या भावजयीला असेच चट्टे, तिला ओरोसला पाठवते. चौतीस घरांनी झाप कबूल केला. शेवंता दोन देणार, कारण ती माझ्यापेक्षा बरे विणते हे गावाला कळायला हवे.
घरी येताना अंग हलके.

९ फेब्रु., सोम
मानसीचा फोन! सोमवारी प्रसादची सुट्टी, तो कसालला गेला होता, त्याने मीटिंगचे सगळे सांगितलेले. वाटले, खूष होईल.
"आई, तुमी माझां नाव घेवन सगळ्यांका सांगलात?"
"अगो, चूक माझी म्हणून सांगितली…"
"चूक तुमची. दुखणा माझां. आधी माका इचारूक व्हया होतां."
फोन ठेवला.
झोपाळा कुरकुरत होता. ह्यांनी यावेळी काही म्हटले नाही, पण ते काय म्हणाले नाहीत ते मला ऐकू आले.

१० फेब्रु., मंगळ
आज पहिल्यांदा तिला विचारायला फोन केला. सांगायला नाही. विचारले, मांडवाचे काम चालू ठेवू की थांबवू? तू म्हणशील तसे. थांबवले असते तर शेवंता ओरडली असती, चुडते आधीच पाण्यात पडलीत.
म्हणाली, "मांडव घाला. रांगेत मीच एकटी नसतंय, म्हाताऱ्यो आसत, पोरां आसत. माझ्यासाठी म्हणून नको."
"आणि तू?"
"बघतंय."
बघतंय म्हणजे नाही नव्हे.

१३ फेब्रु., शुक्र
चुडते फाडून, भिजवून सगळीकडे विणणे चालू. बोटे सोलली. शेवंताने माझा पहिला झाप उचलून उन्हाकडे धरला. "ह्या झापातसून सूर्य बघूक गाळणी नको." उसवून परत विणला.
मुंबईहून एका घराने विचारले, झापाऐवजी ताडपत्री पाठवू का? तात्या: "हात पाठवा." ते जत्रेला येणारच आहेत, एक दिवस आधी येतील.

१६ फेब्रु., सोम
तात्या घरी आले. म्हणाले, जत्रेत देवीपुढे गावाचे मागणे मांडतात त्या गाऱ्हाण्यात सुनेचे नाव घालतो, मान म्हणून. जिभेवर हो आले होते. गिळले. म्हटले, विचारून सांगते.
मानसी म्हणाली, "नाव नको." मग म्हणाली, "पण दुखण्याचा म्हणूंदे." काय म्हणायचे तेही तिनेच सांगितले. मी वहीच्या मागच्या पानावर उतरून तात्यांना दिले. चष्मा शोधून वाचले, दोनदा. "ह्या बरा आसा. आमच्या जुन्या गाऱ्हाण्यात शोभता."
आणि एक. ओरोसच्या त्या मुलीचा नंबर घेतला होता ना, तिच्यापासून सुरू करून मानसीने फोनवर अशांचा ग्रुप काढलाय. सहा जण झालेत. त्यात कसालचा एक रिक्षावाला! शेवंता: "बापयांका पण होता?" पुरुषांनाही होते, म्हणे. क्वचित.

२० फेब्रु., शुक्र
मांडव उभा. एकेचाळीस झाप जमले, चौतीसच घरांनी कबूल केले होते. ज्या घराने "देवाचा काय तरी चुकला" म्हटले होते त्या घरचा झाप सगळ्यात दाट. मुंबईकरांनी वाकडा विणला, तो मुद्दाम दर्शनी लावला, पुढच्या वर्षी सुधारावा म्हणून. रांगेची पूर्ण लांबी झाकून सात उरले. तात्या म्हणाले, घरी घेवन जावा वयनी.
मानसीचा फोन नाही. मी केला नाही. देवीला एवढेच म्हटले, मी गप्प बसते, तू बघ.

२१ फेब्रु., शनि. जत्रा
पहाटेपासून देवळात. अकराला मळ्याच्या कडेला रिक्षा थांबली. आधी छत्री उतरली, मग दुसरी छत्री, मग तिसरी. कसालचा रिक्षावाला पूर्ण बाह्यांत, डोक्याला टॉवेल. ती कॉलेजची पोरगी आणि तिचा बाप. शेवटी मानसी. हिरवे पातळ, तोंडाला पांढरे मलम. माझ्या पाया पडायला वाकली, मी हात धरला, सांधे दुखतात तिचे. म्हणाली, "आज नाय दुखत."
मांडवाखालून रांग हळूहळू सरकत होती. खाली ऊन-सावलीचे ठिपके. कोणी बाजूला सरकले नाही. त्या पोरीने ओढणी कधी खांद्यावर घेतली, तिलाही कळले नाही. शेवंताने सगळ्यांना आपले दोन झाप दाखवले.
बाराला गाऱ्हाणे. तात्यांचा आवाज अजून मळ्याच्या टोकाला पोचतो.
"बा देवी म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, म्हाराजा!"
"होय म्हाराजा!"
"जेंका ऊन सोसणा नाय, तेंच्यावर सावली धर, म्हाराजा!"
"होय म्हाराजा!"
"आणि आमका तेंची सावली होवची बुद्धी दी, म्हाराजा!"
ही ओळ मानसीची. सगळ्या गावाने होय म्हटले. माझा आवाज निघाला नाही. शेवंताने कोपराने ढोसले, तेव्हा एकटीचाच निघाला, सगळे थांबल्यावर. होय म्हाराजा. पोरे हसली.

२२ फेब्रु., रवि
रात्री राहिली. सकाळी सूर्याला अर्घ्य मी दिले. खळ्यात, एकटीने. तिचा नमस्कार सांगितला, आधी तिला विचारून. ती आतून ओरडली, "सांगा, पण लांबसून!"
दुपारी कसालला परत. गुरुवारी ओरोसला लघवीची तपासणी, मग बाबांशी बोलणार, मग ठरवणार, म्हणाली. परत कधी येणार, ते मी विचारले नाही. जिभेला भाकरीसारखे थापून गप्प ठेवले.
बॅग छोटीच आणली होती, छोटीच नेली. निघायच्या आधी मागीलदारी उभी राहून विहिरीकडे बघत होती. पाणी आणायची ती वाट, पूर्ण उघडी. बोटाने हवेत काहीतरी मोजले.
"आई, हयसून बावीपर्यंत ऊन थेट येता. नऊ झाप लागतले."
आणि छत्री उघडून गेली.

२३ फेब्रु., सोम
मांडवाचे उरलेले सात घरी आहेत. दोनासाठी चुडते पाण्यात घातली. शेवंताला सांगितलेले नाही, हे दोन मीच विणणार.