चाऊसच्या दारात अडलेली वरात

जबलपूर, ५ मे १९४१

तीर्थरूप रामराव मामांच्या चरणी शालिग्रामचा साष्टांग नमस्कार. मामींचे गुडघे, तुमचा दमा आणि माझ्यावरचा तुमचा राग, तिघांची प्रकृती कळवावी.

मामा, माझं आयुष्य पालटलं ते गेल्या शुक्रवारी, टळटळीत दुपारी, सालेह चाऊस यांच्या दारात, सारी वरात उन्हात उभी असताना. पण आधी थोडं मागचं. 'वृत्त नाही' म्हणून प्रोफेसरांनी माझी कविता वर्गात वाचू दिली नाही आणि मी तडकाफडकी कॉलेज सोडलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. हे मात्र ठाऊक नसेल की त्याच जोशात मी सिव्हिल लाइन्सला बापूसाहेबांच्या बंगल्यावर गेलो आणि त्यांच्या पद्मजेला (जिच्यावाचून मला झोप नाही, दुपारची सोडून) स्वतःच मागणी घातली, तीही मुक्तछंदात. बापूसाहेब शांतपणे म्हणाले, "घरात वडीलधारं कोणी नाही का जी?" मी म्हणालो, प्रेमाला रीतभात कशाला? त्यांनी मला फाटकापर्यंत पोचवलं. प्रकरण तिथेच अडलं.

तर चाऊस, माझे शेजारी. त्यांचे पूर्वज अरबस्तानातून भोसल्यांच्या फौजेत आले. आता कमानिया गेटजवळ अत्तराचं दुकान आहे, बोलणं हिंदीत, पण लग्नाच्या रीती तिकडच्याच. त्यांच्यात वरात दारात थांबते आणि जागच्या जागी रचलेल्या दोन ओळी गाते. मुलीकडच्यांनी त्याच चालीत, त्याच यमकात दोन ओळींनी उत्तर द्यायचं; तोवर कोणी उंबरा ओलांडायचा नाही. शुक्रवारी त्यांच्या मुलीच्या लग्नात उत्तर देणाऱ्या तिच्या काकांचा ऐन वेळी घसा बसला. चाऊस माझ्याकडे धावत आले, "शायर साहब, बेटी की इज्जत का सवाल है." (मला शायर म्हणणारे जगात ते एकटेच. मी नाही कसा म्हणू?)

हैदराबादची वरात आली. गायली:

दूर से आए हैं हम, सूरज खड़ा है सर पे आज
खोल दो दर, ऐ अज़ीज़ो, प्यास का कर दो इलाज

मी पुढे झालो आणि चंद्र, विरह, नर्मदेचं पाणी असं यमकाबिमकाच्या भानगडीत न पडता बराच वेळ बोललो. वरात 'वाह वाह' म्हणाली आणि तसूभरही हलली नाही. नवरदेवाचा आजा तर मटकन खाली बसला. चाऊस कानाशी लागले, "भैया, बहुत उम्दा. मगर दरवाज़ा इससे नहीं खुलता. दो लाइन. 'आज' पे खतम. जल्दी."

मामा, त्या 'आज'ने मला कोंडून घातलं. समाज? अनाज? पडद्याआड नवरी मुसमुसत होती, चाऊस दाढी चावून राहिले होते. त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडातून निघालं:

दर खुला है, दिल खुला है, आपसे है घर की लाज
एक बेटी दे रहे हैं, और क्या दें तख़्त-ओ-ताज

वरात ओरडतच आत शिरली. चाऊस मला मिठी मारून रडले. ही ओळ मला मोकळेपणी जन्मात सुचली नसती. यमक शोधताना बाप सापडला. आणि मग, हातात सरबताचा पेला धरून, मला एकदम बापूसाहेब आठवले. ते कविता नव्हते ऐकत, पोरगी कोणाच्या हाती द्यायची ते विचारून राहिले होते.

मी मजेत आहे. जुलैत कॉलेजात परत नाव घालतो.

तुमचा आज्ञाधारक (खरंच)
शालिग्राम

ता. क. रविवारी फेटा बांधून, नारळ घेऊन या आणि बापूसाहेबांकडे रीतीनं मागणी घाला. मी तोंड उघडणार नाही.

ता. क. दुसरा. तुम्ही येताहात असं मी त्यांना कळवून टाकलं आहे, तेव्हा दम्याची सबब चालायची नाही. आता उठतो आणि हे पेटीत टाकायला बाहेर पडून दार लावून घेतो. घरात राहिलो तर यात कविता घालीन.