दुखण्याची पैसेवारी

चि. पुष्पांजलीस,

नवेगाव बांधहून पुनाराम काकाजीचे एका हाताने आशीर्वाद (दुसरा प्लास्टरात आहे). नागपूरच्या दवाखान्यातली तुझी ड्यूटी कशी चालली आहे, जावईबुवांचं पित्त उतरलं का, खुशीचा दात पडला की अजून हलतोच आहे, सगळं सविस्तर कळव. आम्ही इकडे ठणठणीत. म्हणजे मी नाही, पण ते पुढे येईलच.

परवा फोनवर तू मला रागावलीस, ‘सिस्टरला खोटं काऊन सांगितलं?’ म्हणून. बाई, मी खोटं बोललो नाही. मी सरकारी रीतीनं उत्तर दिलं. आता पूर्ण ऐक आणि मग तुझ्या सगळ्या नर्स मंडळींना ऐकव.

तलावाच्या पाळीवरून घसरलो तेव्हा डावं मनगट खाली आलं. (आपल्या वाडवडिलांनी एवढे तलाव बांधले, पण उतरायला चार धड पायऱ्या बांधाव्यात हे एकालाही सुचलं नाही.) तुझी काकू मला ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेली. तिथं नीतू नावाची सिस्टर, पोरगी चांगली, पण हातात कागद. म्हणाली, “बाबाजी, किती दुखून राह्यलं? शून्य ते दहात सांगा.” आता तुला माहीत आहे, मी तीस वर्षं गावच्या पैसेवारी समितीवर होतो. धानाची पैसेवारी पन्नासच्या वर लागली की सरकार हात झटकतं, खाली लागली की मदत मिळते. आकडा जितका लहान, तितकी दैना मोठी. हे माझ्या हाडात बसलेलं आहे. मी विचार केला, जरा जोरात मागावं, आणि म्हणालो, “दोन.”

तिनं एक गोळी दिली आणि बाकावर बसवलं. माझ्या आधी ‘सात’, ‘आठ’ सांगणारे आत गेले! मला वाटलं, सुखवस्तू लोक आहेत, ओळखी असतील. तासाभरानं पुन्हा विचारलं. मनगट तोवर दुधीभोपळ्याएवढं झालं होतं, म्हणून मी चिडून सांगितलं, “एक!” तर ती म्हणते, “वा, आराम पडून राह्यला.” तिसऱ्या वेळेला मी “अर्धा” म्हणालो, तेव्हा तिनं चक्क शाबासकी दिली.

शेवटी स्वप्निल नावाच्या डॉक्टरानं मनगटाला नुसतं बोट लावलं आणि मी असा ओरडलो की बाहेरचा ऑटोवाला आत आला. डॉक्टर म्हणाला, अर्ध्याचा हा आवाज आहे काय? मग मी त्याला पैसेवारी समजावून सांगितली. तो हसला, आधी बधिर करायची सुई दिली, मग हाड बसवलं. हे मान्य करतो, की ते काम त्यानं झकास केलं.

पण मग त्याची नजर माझ्या गुडघ्यावर गेली. अकरा वर्षांचं दुखणं आहे, सांगितलं. आपल्या गावचा कंपाउंडर मंगरू देतो तशी सुई द्या म्हटलं, तर म्हणे नाही. नवं दुखणं लवकर दाबायचं, जुन्याशी मात्र रोज थोडं थोडं वागायचं. शेकायचं, चालायचं, गोळी ठरल्या वेळेला घ्यायची आणि खुर्चीत बसून पाय सरळ धरून दहापर्यंत मोजायचं. मी साफ नाही म्हणून आलो. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला दहापर्यंत मोजायला लावतात! तू कितीही म्हण, मी नागपूरला येणार नाही, काठी घेणार नाही आणि दुखण्याला नंबरही देणार नाही. हे माझं शेवटचं.

तुझा,
पुनाराम काकाजी

ता. क. पाय सरळ धरायचा व्यायाम मी करत नाही. उजव्या पायानं वीसपर्यंत जातं, डाव्यानं बारा.

ता. क. दुसरं. हे फोनवर बोललो नाही, कारण फोन तुझ्या काकूजवळ असतो. त्या दिवशी ती तीन तास माझी पिशवी धरून बसली होती. उठताना भिंतीला धरून उठली, ते नीतूनं पाहिलं आणि तिलाही विचारलं. ती म्हणाली, “मले का होते? शून्य लिहा.” नीतूनं लिहिलं आणि पुढं गेली. पण मी पैसेवारीत शून्य एकदाच लिहिलेला आहे, ज्या साली तुडतुड्या किडीनं धानाची अख्खी बांधी आडवी केली आणि विळा लावायलाही काही उरलं नाही, त्या साली. चाळीस वर्षं ती वाकून रोवणी करते. सकाळी चौकट धरून उभी राहते, तेव्हा मला वाटायचं, काही विचार करून राहिली असेल. मला लाज वाटते पोरी.

स्वतःसाठी ती येणार नाही. तेव्हा तिला फोन कर आणि सांग, काकाजींचा गुडघा दाखवायला नागपूरला घेऊन ये, ते आडमुठे आहेत, एकटे येत नाहीत. हे खरंच असल्यामुळे तिला पटेल. आल्यावर आधी तिची कंबर पाहा. आणि तिथं कोणी आकडा विचारला, तर तिच्याकडून घेऊ नकोस. मी शेजारी उभा राहीन आणि तुमच्या रीतीनं सांगीन: दहा.