मोटार कशानं चालू झाली

२० जानेवारी, सोमवार

काहीच होत नाही! बोर्डाला केबल लावली, केबल कॉम्प्युटरला लावली, बोर्डावरचा लाल दिवा लागला – आणि कॉम्प्युटर ढिम्म. दहा वेळा काढली, दहा वेळा घातली. समोर उत्पन्नाच्या दाखल्याला आलेले आजोबा उभे आणि मी टेबलाखाली डोकं घालून बसलेली. लोहाऱ्यात सेवा केंद्र चालवते, दिवसाला तीस-चाळीस जणांचे अंगठे मशिनवर घेते, आणि तळहाताएवढा एक बोर्ड मला दाद देईना.

श्रीनाथचा आहे. मळ्यातल्या विहिरीवरच्या मोटारीसाठी त्यानं स्वतः बनवलेला. लाईट आली की मोटार आपोआप चालू, नाहीतर फोनवरून मेसेज केला की चालू. 'अक्के, ह्यो समदं लिवून ठिवतो बघ. मोटार कवा चालू झाली, कशानं झाली.' म्हटलं, मग तुझ्यापेक्षा हुशार निघाला. आठवडाभर फुगून बसला होता.

सात नोव्हेंबरला तो विहिरीत उतरून मोटारीच्या वायरीचा जोड बांधत होता आणि मोटार चालू झाली. करंट बसून जागच्या जागी गेला. माझा धाकटा भाऊ. सत्तावीस वर्षांचा. मळ्यात दुसरे फक्त दादा, आमचे वडील, तेही लांब कडवळाच्या, वैरणीच्या रानात.

आमच्या गावात, माकणीत सगळे म्हणतात, लाईट आली आणि आपोआप चालू करणाऱ्या ऑटोनं घात केला. फ्यूज काढायला पाहिजे होता. आमच्याकडं कोण काढतो? लाईट नसते तेवढ्यात पटकन हात घालून उरकायचं, हीच सगळ्यांची रीत.

पण त्या दिवशी पावणेबाराला मी मेसेज केला होता. 'चालू.' आईचा फोन आला होता, हौद कोरडा पडलाय, जनावरं हंबरतायत. रेंज असली की मेसेज लगेच जातो, नसली की पाच-दहा मिनिटांनी. दुपारी निरोप आला तेव्हा पहिल्यांदा मी तो मेसेज पुसला. रडले नंतर. हे कुणालाच माहीत नाही.

आता बोर्डच सांगेल. लाईट, नाहीतर मी.

२१ जानेवारी

व्यंकटला फोन केला. श्रीनाथबरोबर आयटीआयला होता, आता तुळजापुरात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. बोर्ड कशाला जोडायचाय ते सांगितलं नाही. म्हटलं, आठवण म्हणून.

'अक्का, ती केबल नुसती चार्जिंगची आसंल. तिच्यात दोनच तारा. डेटाच्या तारा न्हाईत.'

म्हणजे दिवा लागणार, पण बोर्ड आहे हे कॉम्प्युटरला कळणारच नाही. काल दिवसभर मी बिनकामाची खटपट करत होते तर! स्वतःचाच राग आला. केबल जिथं घेतली त्या दुकानदाराला विचारलं, डेटाची आहे का? तो म्हणतो, मोबाईल चार्ज हुतोय का न्हाय, मंग झालं की.

२३ जानेवारी

व्यंकटनं एसटीच्या कंडक्टरबरोबर केबल पाठवली. दुपारी लावली. टुंग! कॉम्प्युटरला बोर्ड सापडला.

आणि त्याच मिनिटाला माझा फोन वाजला. मेसेज. पाठवणाऱ्याचं नाव – श्रीनाथ मळा.

'अक्के, मी जागा आहे. मोटार बंद आहे.'

बोर्डात सिम आहे. बोर्ड चालू झाला की मला असा मेसेज यावा, हे त्यानंच करून ठेवलेलं. पहिल्या दिवशी आला तेव्हा मी हसले होते. सगळं माहीत आहे. सोमवारी का आला नाही? रेंज नसेल. तरी तिथं बसवेना. केंद्राला कुलूप लावलं आणि अर्धा तास स्टँडवर माणसांत जाऊन बसले.

परत येऊन बघते तर बोर्डाच्या नावापुढं पिवळी खूण. व्यंकट म्हणतो ड्रायव्हर टाकावा लागेल. सिम काढून ठेवू का, असं विचारणार होते. विचारलं नाही. काढलंही नाही.

२४ जानेवारी

टुंग. कुणी हात लावला नव्हता. पिन ढिली आहे, कळतं मला. तरी मान वळवून दाराकडं बघितलंच.

२५ जानेवारी

ड्रायव्हर बसला. पिवळी खूण गेली. कॉम्प्युटरवर बोर्डाची खिडकी उघडली तर त्यात नुसता कचरा! चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटीसुलटी अक्षरं. सरसर वर जातात, थांबतात, पुन्हा येतात. काहीतरी सांगतोय आणि मला समजत नाही. बघवेना.

व्यंकट म्हणतो, बोर्ड ज्या वेगानं अक्षरं पाठवतो तो आकडा जुळत नाही. श्रीनाथनं बोर्डात जो टाकलाय तोच इकडं टाकायला पाहिजे, आणि तो कोणता हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत? यादीत पंधरा-वीस आकडे आहेत. एकेक टाकून बघायचा.

२६ जानेवारी, रविवार

आज दादांना सांगून टाकलं. पोटात मावेना.

ते गोठ्यात वैरण टाकत होते. म्हटलं, "दादा, त्या दिवशी म्या मेसेज केलता. मोटार चालू करायचा." वैरणीची पेंडी हातात तशीच राहिली. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

'तुज्यामुळं न्हाय झालं,' म्हणाले.

"तुमाला काय माहीत? तुमी तर कडवळात हुता."

'न्हाय मंजी न्हाय. तुज्यामुळं न्हाय.'

"बोर्डात लिवलंय समदं. काढतेय म्या ते."

'ते डबडं आणून दे हिकडं. धरणात टाकून येतो.' आणि पेंडी तिथंच टाकून निघून गेले. जेवायला आले नाहीत. आई विचारते, काय झालं गं? काय सांगू तिला! हौदाचं तिनंच सांगितलं होतं. तिला हे कळलं तर तीही जाईल.

मला राग आला दादांचा. लहान पोर पडलं की जमिनीला मारून गप्प करतात, तसं मला समजावतायत. मला समजूत नको. खरं काय ते पाहिजे. मेसेजच निघाला तर त्यांच्या ताटाला ताट लावून मी जेवू शकणार नाही. पण रोज लाईट, मेसेज, लाईट, मेसेज असं करत किती दिवस काढू? डोळा लागला की तो विहिरीतून हाक मारतो, आणि दर वेळी माझ्याच नावानं.

२७ जानेवारी

अकरा आकडे झाले. कचराच. एकदा मध्येच 'अक्के' असं दिसल्यासारखं वाटलं. भास. बारावा आकडा न टाकताच उठले. अंगठा मशिनवर येत नाही म्हणून एका बाईवर उगीच ओरडले. नंतर चहा पाजला तिला.

२८ जानेवारी

लागलं. अक्षरं सरळ आली.

सात नोव्हेंबर. अकरा तीस, ऑटो बंद. अकरा बावन्न, चालू – हातानं. अकरा बावन्न, बंद – हातानं.

लाईटनं नाही, ऑटो तर त्यानं उतरण्याआधीच बंद केला होता. मेसेजनंही नाही. माझा मेसेज यादीत कुठंच नाही, तो पोचलाच नव्हता. हाताचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

श्रीनाथ खाली विहिरीत होता. स्टार्टरचं बटण वर, शेडमध्ये. मळ्यात तिसरं माणूस नव्हतं. दादा कडवळात नव्हते.

घरी आले. दादा दारातच उभे. म्हटलं, "बोर्ड जळालाय दादा. कायी निगालं न्हाय." ते दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, 'ऱ्हाऊ दे. पर तुज्या मेसेजनं न्हाय झालं. माजं येवडं ऐक.'

पहिल्यांदाच मला त्यांचं पटलं होतं, आणि तसं दाखवता आलं नाही.